चारशे बारा बागांची एक वेल

आमच्या शहराने झेंडूला रहिवासी मानायला नकार दिला, त्या वर्षापासून माझी चलती सुरू झाली.

नियम साधा होता. घराभोवती किंवा गच्चीवर बाग असेल आणि तीत निदान सत्तर टक्के झाडं या मातीतली असतील, तर घरपट्टीत सवलत. या मातीतली म्हणजे कुठली, हे ठरवायला समिती बसली. समितीने सहा महिन्यांत गुलमोहर, सदाफुली, बोगनवेल, घाणेरी, निशिगंध अशा सगळ्यांना बाहेरचं ठरवलं. झेंडू तर मेक्सिकोचा निघाला. मग एका सभासदाने विचारलं की दसऱ्याला दाराला लावायचं काय. त्यावर उपसमिती नेमण्यात आली. ती अजून बसलेली आहे. लोक तोरणं झेंडूचीच लावतात, फक्त लावताना रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघून घेतात.

मी हेमंत सावरडेकर. त्याआधी पंचवीस वर्षं इमारतींचे नकाशे काढत होतो. पुढे नकाशे संगणक आपले आपणच काढायला लागले आणि मी बागांकडे वळलो. मला झाडांची आवड होती असं नाही. पट्टी आणि पेन्सिल हातात होती, समोर मोकळं अंगण होतं.

‘सावरडेकरांची बाग’ म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत होतं. मागच्या भिंतीवर कुसर. ही सह्याद्रीतली रानची वेल, जाईसारखी, पांढऱ्या सुवासिक फुलांची, उन्हाळ्यात फुलणारी. तिच्यापुढे भुंग्यांसाठी अडुळसा. कुंपणाला कोरांटी. फुलपाखरांच्या अळ्यांना खायला एका कोपऱ्यात हरणदोडी. जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्यांसाठी दोन हात उघडी माती, आणि मधमाशी पाणी पिताना बुडू नये म्हणून थाळीत खडे. हे सगळं मी समजावून सांगायचो. लोक शांतपणे ऐकायचे आणि विचारायचे, “पण दिसेल कशी?”

तिथे माझा हात कोणी धरू शकत नव्हता. कारण बाग कशी दिसेल ते मी इंचात सांगू शकायचो. माझ्या प्रत्येक बागेतली प्रत्येक वेल मी माझ्या अंगणातल्या वेलीची फांदी कापून लावलेली असे. बियांपासून रोप केलं की ते आपल्या मर्जीने वाढतं. एक तिसऱ्या वर्षी फुलतं, एक पाचव्या, एक शेजाऱ्याच्या गच्चीत जाऊन फुलतं. फांदी मात्र आईसारखीच वागते. कागदावर काढलं तसं जमिनीवर उभं राहावं, एवढीच ड्राफ्ट्समनची हौस असते. माझ्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत एक ओळ होती: ‘आमच्या कुसरीला फळं धरत नाहीत, त्यामुळे फरशी डागाळत नाही.’ हा वेलीचा गुण आहे, असं मी समजत होतो.

असा कोणताही गुण नसतो, हे मला एकदा सांगण्यात आलं होतं. सांगणारी माझी मुलगी होती. तेव्हापासून सहा वर्षं तिचं नाव आमच्या घरात निघत नव्हतं.

यंत्र बसवलं फेब्रुवारीत. वर्ष दोन हजार अडतीस.

पाण्याच्या तांब्याएवढं दिसणारं ते यंत्र एका खांबावर असतं. आत साखरपाणी, तोंडाशी मऊ ब्रश, खाली वजनाची चकती, वर डोळ्याएवढा कॅमेरा. किडा साखरेसाठी आत शिरला की ब्रशला घासतो आणि त्याच्या अंगावरचे परागकण खाली पडतात. यंत्र त्या परागातला डीएनए वाचतं. पूर्वी या कामाला प्रयोगशाळेत आठवडे जायचे. आता सकाळी दुधाच्या आधी फोनवर यादी येते: काल बागेत कोण आलं, कोणत्या झाडाचा पराग घेऊन आलं. नाव परागवाचक. नगरपालिकेने ते नोंदणी झालेल्या चारशे बाराही बागांत बसवलं; सगळ्या मीच आखलेल्या. नुसती देशी झाडं लावून चालणार नव्हतं, ती फळतात का हे पाहायचं होतं.

आमच्याकडे ते बसवायला नगरपालिकेकडून नाझनीन अत्तार आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पाठीवर पिशवी, पायात चिखलाचे बूट. पहिल्याच दिवशी आमच्या बोक्याने आत तोंड घातलं. यंत्र वाजलं आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘परागवाहक अनोळखी. नाव भरा.’

“ओळखता नाही आलं की ते असं विचारतं,” अत्तार मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी गंभीरपणे ‘बोका’ असं भरलं. “आता हा सरकारी नोंदीत गेला, सर.”

“मग त्याला रहिवासी दाखला मिळेल?”

“मांजर मूळचं बाहेरचं आहे, सर. मी विषय काढत नाही.”

बाई चांगली होती. म्हणूनच एप्रिलच्या शेवटी ती सकाळी आठला आली आणि चहाला नको म्हणाली, तेव्हा मला चुकचुकल्यासारखं झालं.

“सर, बसता का जरा?”

“मी बसलेलोच आहे.”

“हो.” त्या स्वतः बसल्या. “शहरात तुम्ही लावलेल्या कुसरीच्या वेली किती असतील?”

“बागा चारशे बारा. बागेत दोन-तीन. हजारच्या वर जातील.”

“यंत्र म्हणतंय, एक.”

“एक हजार?”

“एक, सर.”

मी अंगणातल्या वेलीकडे बघितलं. ती नेहमीसारखीच होती, तीन फुटांवर गाठ, सहा फुटांवर वळण, पांढरी फुलं.

अत्तार मॅडमनी समजावून सांगितलं ते असं. यंत्र झाडाची नुसती जात ओळखून थांबत नाही. प्रत्येक झाडाचा डीएनए वेगळा असतो, त्यावरून हा पराग नेमक्या कोणत्या झाडाचा हेही ते सांगतं. फांदीपासून केलेलं रोप म्हणजे त्याच झाडाचा लांब पडलेला तुकडा. तेव्हा यंत्राच्या लेखी आमच्या शहरात एकच वेल आहे आणि ती चारशे बारा घरांवर पसरलेली आहे.

“बरं, मग?” मी म्हणालो. “एक तर एक. फुलतेय ना?”

“फुलतेय. फळत नाही. कुसरीच्या वेली दोन तऱ्हेच्या असतात, सर.” त्यांनी माझ्या कागदावर दोन फुलं काढली. एकीच्या फुलात स्त्रीकेसर लांब, नळीच्या तोंडापर्यंत आलेला, आणि पुंकेसर आत खोल. दुसरीच्या फुलात बरोबर उलट. लांब सोंडेचा पतंग संध्याकाळी पहिल्या फुलात सोंड घालतो तेव्हा पराग सोंडेच्या टोकाशी लागतो. तो टोकाचा पराग दुसऱ्या तऱ्हेच्या फुलात खोलवर नेमका जागेवर पोचतो. पहिल्या तऱ्हेचा पराग पहिल्याच तऱ्हेच्या वेलीवर पडला, तर वेल तो स्वीकारत नाही. आपलाच पराग तर नाहीच नाही.

त्यांची चित्रं इतकी वाकडी होती की मला राहवलं नाही. मी पेन्सिल घेऊन ती नीट काढून दिली. माझी चूक मीच, प्रमाणात, दोन बाजूंनी काढली.

“म्हणजे पतंग इतकी वर्षं...”

“तुमच्याकडून तुमच्याकडेच ये-जा करतायत, सर. बी एकही नाही. तुमचे माळी दर आठवड्याला सुकलेली फुलं खुडतात, त्यामुळे फळ नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. ही वेल म्हातारी होईल, किंवा एखादा रोग येईल, तेव्हा सगळ्या बागांत एकाच आठवड्यात जाईल. मागे काही राहणार नाही.”

अगदी हेच शब्द मी आधी ऐकले होते. आवाज वेगळा होता.

“हे सगळं वर गेलंय,” त्या म्हणाल्या. “पंधरा मेच्या सभेत ठराव आहे. बागांतली वेल काढून टाकायची आणि नियमच रद्द करायचा. प्लॅस्टिकच्या हिरवळीचा एक ठेकेदार येऊन गेलाय. किडे येत नाहीत, हा तिचा मोठा गुण असं सांगत होता.” त्यांनी पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. “पण एक गोष्ट आहे. तुमच्याकडे एक फळ धरलंय.”

“माझ्याकडे?”

पाण्याच्या टाकीमागे, जिथे माळ्याचा हात पोचत नाही, तिथे एका देठावर हिरव्या मण्यांची जोडी होती. पंधरा वर्षांत मी ती पहिल्यांदा बघत होतो. मला ती कोणीतरी चिकटवल्यासारखी वाटली.

“मागच्या फेरीत एका मण्यातलं कोवळं बी सुईने काढून मी तपासलं,” अत्तार मॅडम म्हणाल्या. “पराग दुसऱ्या वेलीचा आहे. नोंदणी नसलेल्या. आसपासच्या कोणत्या यंत्रात तिचा पराग जास्त येतो, कोणत्यात कमी, त्यावरून जागा काढली. गुरुप्रसाद सोसायटी. बहुतेक तिसरा मजला.”

मी टाकीचं झाकण उगाच नीट बसवलं.

“आणि सर, ती वेल तुमच्या वेलीची मुलगी आहे.”

“वेलींत मुलगी असते का?”

“नसते. यंत्र ‘अपत्य, पन्नास टक्के’ म्हणतं. मी आपलं बोलायला म्हटलं.”

गुरुप्रसाद सोसायटी मला माहीत नव्हती असं नाही. त्या रस्त्याने मी सहा वर्षं गेलो नव्हतो, आणि एखाद्या रस्त्याने न जाण्यासाठी पत्ता पक्का माहीत असावा लागतो.

आमची मुलगी मृण्मयी. घरात मिनू. ती आठ वर्षांची असताना घाटातल्या एका कपारीतून आम्ही दोघांनी कुसरीची फांदी आणली. तीच अंगणातली वेल. मिनू मोठी झाली, वनस्पतिशास्त्र शिकली, माझ्याबरोबर काम करायला लागली आणि एका पावसाळ्यात पुन्हा त्याच कपारीशी जाऊन त्याच वेलीच्या बिया घेऊन आली. दह्याच्या मडक्यात तिने रोप केलं आणि मला न विचारता आमच्या कुंपणाशी लावलं. ते दोन वर्षांत दोन फूट झालं. माझ्या नकाशात तिथे कोरांटी होती.

मग लोखंडे वकिलांच्या बागेचं उद्घाटन झालं. पन्नास माणसं, पेढे, फीत. मिनू सरळ वकिलांना म्हणाली, “काका, तुमच्याकडची, शेजारची, आमच्याकडची, सगळी एकच वेल आहे. एक गेली की सगळ्या जाणार. बाबाला सांगून थकले, आता तुम्ही सांगा.” लोक हसले. मी पण हसून म्हणालो, “हिचं मनावर घेऊ नका. हिला पुस्तकातलं कळतं, बागेतलं नाही.” घरी येऊन मी तिच्यासमोर ते रोप उपटलं आणि खताच्या खड्ड्यात टाकलं. त्याच आठवड्यात ती गेली. शहरातच एका शाळेत शिकवते, एवढं कानावर होतं. तिचं नाव या घरात घ्यायचं नाही, असं मी उज्ज्वलाला सांगितलं. माझ्या बायकोने आयुष्यात माझं ऐकलेली ही एकच गोष्ट, अशी माझी समजूत होती.

अत्तार मॅडम गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. उज्ज्वला वाल सोलत बसली होती.

“गुरुप्रसाद सोसायटीत आपली वेल कशी गेली?”

“कुठली वेल?”

“यंत्राने सांगितलंय.”

“मग यंत्रालाच विचारा.”

“उज्ज्वला.”

तिने एक वाल सोलला, सालं एकीकडे केली, दाणा पातेल्यात टाकला. “अहो, सहा वर्षं मी दर गुरुवारी भजनाला जाते. कधी एखादा अभंग गुणगुणताना ऐकलंत मला?”

मी आठवून बघितलं. नव्हतं ऐकलं. तिला चाली लक्षात राहत नसतील, असं मी धरून चाललो होतो.

“तुम्ही ती उपटून खड्ड्यात टाकलीत आणि जेवून झोपलात,” ती म्हणाली. “मी ती दुधाच्या पिशवीत माती घालून तिच्याकडे नेऊन दिली. चार पानं होती, त्यातलं एक जगलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हीच म्हणालात, तिचं नाव घ्यायचं नाही. मी कुठे घेतलं?”

मी खुर्चीवर बसलो. यंत्राने मला सकाळपासून दोन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि माझी चारशे बारा बागांतली नामुष्की त्यांतली लहान गोष्ट होती. माझ्या घरातून दर गुरुवारी डबा जात होता, कैरीचं लोणचं जात होतं, दिवाळीचं उटणं जात होतं. मी मात्र सगळी मापं बरोबर असलेल्या घरात राहतोय, असं समजत होतो. पतंगांनासुद्धा तो रस्ता माहीत होता.

“ती काही बोलते का? माझ्याबद्दल?”

“नाही. तुमच्यासारखीच आहे.”

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे झाली. लोखंडे वकिलांचा फोन आला.

“सावरडेकर, आमच्या हिने भिशीत मिरवलंय, आमची वेल ती आमची वेल म्हणून. आणि तीच शेजारच्या शिंत्र्यांकडे?”

“तशीच म्हणा.”

“तशीच की तीच? कायद्यात फरक पडतो. चारशे बारा जण एकाच झाडाचे मालक म्हटल्यावर सातबारा कोणाच्या नावावर?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तुमची मुलगी माझ्या अंगणात उभी राहून हेच सांगत होती हो. मी हसलो होतो. तुम्हीही हसलात.”

मी फोन ठेवला. सभेला सतरा दिवस होते. कुसर आणखी तीन आठवडे फुलणार होती. तेवढ्यात बागांत फळ धरलेलं दाखवता आलं तर बागा राहणार होत्या. दुसऱ्या तऱ्हेची वेल शहरात एकच होती. बाकी सगळ्या घाटात, आणि घाटातून रोप आणून ते फुलायला तीन वर्षं.

मी रिक्षाने गेलो. वाटेत एक वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, “काय साहेब?” मी म्हटलं, तुम्हाला नाही.

दार मिनूनेच उघडलं. बारीक झाली होती, चष्मा लागला होता. जन्मभर ती मला ‘अरे बाबा’ म्हणत आली. आता म्हणाली, “या.”

“वेल छान वाढली आहे,” मी म्हणालो. वेल मी अजून पाहिलेलीही नव्हती.

तिचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. तिथे छाटणीची कात्री होती. हातात ओलं गोणपाट. पंधरा वर्षांची सवय. फांद्या आणायला निघताना दोन्ही आपोआप घेतली जातात. निघताना उज्ज्वलाने बघितलं होतं.

“कात्री घेऊन आलात,” मिनू म्हणाली.

“सवयीने.”

“बाल्कनी तिकडे आहे.”

मी आयुष्यात इतकी बेशिस्त वेल पाहिली नव्हती. ती कपडे वाळत घालायच्या दोरीवर होती, एसीच्या डब्यावर होती, वरच्या मजल्याच्या गजांतून आत गेली होती. मुळाशी फुटकं मडकं. फरशीवर जांभळे काळे डाग, मागच्या वर्षांच्या फळांचे, घासूनही न गेलेले. मी एक फूल डोळ्यांजवळ धरलं. स्त्रीकेसर आत खोल होता, पुंकेसर तोंडाशी. सकाळी मी कागदावर काढलेलं दुसरं चित्र. अत्तार मॅडमचं माप जरा चुकलं होतं, एवढंच.

“फळ कसं धरलं हिला?”

“तुमच्याकडून पतंग येतात की,” ती म्हणाली. “त्यांना कोणी सांगितलेलं नाही यायचं नाही म्हणून.”

खाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती होईना.

“किती फांद्या हव्यात?” मिनूने विचारलं.

“बागा चारशे बारा आहेत.”

“म्हणजे आता सगळीकडे तुमची एक आणि माझी एक. दोन झाडांचं शहर. आणखी दहा वर्षांनी तुम्ही माझ्याकडे आणि मी कोणाकडे जायचं?” ती चिडलेली नव्हती. वर्गात पोरांना विचारावं तसं विचारत होती. “आणि या फांद्या रुजून फुलणार कधी? सभा पंधराला आहे ना?”

हे मला सुचलंच नव्हतं. घरून निघताना मी पत्ता, कात्री, गोणपाट सगळं घेतलं होतं. डोकं राहिलं होतं.

“मिनू,” मी म्हणालो, “लोखंड्यांच्या बागेत तू म्हणालीस ते खरं होतं.”

“यंत्राने सांगितलं ना. वाचलं मी.”

“यंत्राने आज सांगितलं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं.”

रिक्षात म्हणून पाहिलेलं वाक्य हे नव्हतं. ते ‘तू बरोबर होतीस’ असं काहीतरी होतं, त्यात माझं बऱ्यापैकी भागत होतं. हे वाक्य कुठून आलं मला ठाऊक नाही. मिनूने चष्मा काढला. मला वाटतं, सहा वर्षांत तिने माझ्या मूर्खपणाची सवय करून घेतली होती. मूर्ख माणसावर फार काळ राग धरता येत नाही. आता मी तिच्याकडून तेही काढून घेतलं होतं.

“कळलं होतं?”

“हो.”

“मग उपटलीत का?”

“नकाशात बसत नव्हती.”

ती आत गेली. दार लावल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते आणि हातात दोन वस्तू होत्या: मुलांचा रंगकामाचा ब्रश आणि पोळ्यांचा स्टीलचा डबा. डबा आमच्याच घरचा होता, झाकणावर उज्ज्वलाचं नाव कोरलेला.

“फांद्या मिळणार नाहीत,” ती म्हणाली. “फुलं मिळतील. रोज संध्याकाळी इथून ताजी न्यायची, प्रत्येक बागेत जाऊन ब्रशने पराग लावायचा. रोज पंचवीस बागा झाल्या तर सभेपर्यंत होतं. पावसाळ्यात बिया मिळतील त्या लावायच्या, आणि येतील तशा येऊ द्यायच्या. छाटायच्या नाहीत. घाटातून आणखी बी आणायचं.”

“मला जमेल?”

“नाही जमणार. ब्रश नळीत सरळ घालायचा असतो, हात थरथरता कामा नये. पण तुमचा रेघेचा हात आहे.”

खिशातली कात्री मी तिथे मडक्याजवळ ठेवली. तिने ती उचलून परत माझ्या हातात दिली. “आईला लागते,” म्हणाली.

अशा रीतीने साठाव्या वर्षी मी पतंग झालो.

अत्तार मॅडमनी मोहीम कागदावर आणली आणि मिनूला प्रमुख केलं. शाळेला सुट्टी होती. सगळ्या यंत्रांच्या नोंदी तिच्या फोनवर यायच्या. मी तिच्या हाताखाली. रोज साडेपाचला गुरुप्रसाद सोसायटी, डब्यात फुलं, मग एकेका घराची बेल. लोक दार उघडायचे. ज्याने आपल्याला एकच वेल चारशे बारा वेळा विकली तो माणूस हातात ब्रश घेऊन उभा आहे, हे बघून ते अर्धं दार परत लावून घ्यायचे. मी म्हणायचो, “फळ धरवायला आलोय.” एका आजींनी मला दक्षिणा दिली.

मिनू कामापुरतं बोलायची. “डावीकडचं राहिलं.” “ब्रश बदला.” “पाणी प्या.” मला कशाहीसाठी हाक मारायची नाही; लक्ष वेधायचं असेल तर डबा वाजवायची. बाराव्या दिवशी पहिल्या बागेत हिरव्या मण्यांच्या जोड्या दिसायला लागल्या. बागेच्या मालकीणबाई फोनवर कोणाला तरी ओरडून सांगत होत्या, “अगं, धरलंय! नाही गं, वेलीला!” तिथे मिनू हसली. माझ्याकडे बघून नव्हे, पण हसली.

सभेच्या आदल्या दिवशी यादीतलं शेवटचं घर उरलं. लोखंडे वकिलांचं. मिनूने ते शेवटी ठेवलं होतं, की मी टाळत आलो होतो, हा विषय दोघांनीही काढला नाही.

वकील स्वतः फाटकाशी आले. “सावरडेकर, हे काय चाललंय?”

“परागीभवन.”

“तुम्ही?”

“पतंग कमी पडतायत.”

त्यांनी मिनूकडे बघितलं. “मिनू, मी त्या दिवशी...”

“काका, शिडी आहे का?” तिने विचारलं.

वकिलांनी शिडी आणली आणि स्वतः धरून उभे राहिले. मी वर चढलो. सहा वर्षांपूर्वी फीत लावली होती तीच भिंत. उजेड उतरत होता, वास सुटला होता, आणि एक खराखुरा पतंग माझ्या शेजारच्या फुलावर येऊन आपलं काम करायला लागला. त्याची सोंड, माझा ब्रश. त्याच्याकडे बघण्याच्या नादात माझा तोल गेला, मी आधाराला हात टाकला, तो यंत्राच्या खांबावर पडला आणि बाही आतल्या साखरपाण्यात बुडाली.

यंत्र वाजलं. खाली मिनूचा फोन वाजला.

“काय म्हणतंय?” वकिलांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. “परागवाहक अनोळखी. वजन मापाबाहेर. नाव भरा.”

वकील खो खो हसले. शिडी हलली. मिनू फोनकडे बघत उभी होती. मी वरून तिचा अंगठा पाहत होतो. तो बराच वेळ काचेवर तसाच होता. मग तिने दोन-चार अक्षरं उमटवली आणि फोन खिशात टाकला.

“उतरा आता,” म्हणाली. “झालं.”

दुसऱ्या दिवशी सभा झाली. फळांचे फोटो दाखवल्यावर ठराव बारगळला आणि बियांपासून वाढवलेली वेल जर नकाशाबाहेर गेली तर ती देशी समजावी का, यावर उपसमिती नेमण्यात आली. ती बसली आहे.

पण ते दुपारी. सकाळी सात वाजता, दुधाच्या आधी, बागमालकांच्या फोनवर रोजची यादी गेली, आणि साडेसातला लोखंडे वकिलांचा मला फोन आला.

“सावरडेकर, माझ्या बागेची यादी वाचतोय. कुसर, दोन वेलींचा पराग. पतंग, तीन. मधमाश्या, नऊ. आणि हे शेवटी ‘बाबा’ लिहिलंय, हा कोणता किडा? देशी आहे ना?”

मी फोन उज्ज्वलाच्या हातात दिला.